क्लॅम्प मीटर लावला तेव्हा कळलं

"काका, तुमच्याकडे गरम पाण्याचा वापरच जास्त आहे." विक्रेत्याचं हे वाक्य अजून कानातून जात नाही. चार माणसांचं घर, २०० लिटरची टाकी, आणि म्हणे वापर जास्त!

नागपुरात बेसा रोडवरच्या घरात दिवाळीला गीझर काढून हीट पंप बसवला, तो हिशेब करूनच. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, तशी हा बाहेरच्या हवेतली उष्णता पाण्यात आणतो. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ५५ वर न्यायला गीझरला ८ युनिटच्या वर लागतात, चांगल्या पंपाला तीनच्या आत. हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे.

पण महावितरणचं डिसेंबरचं बिल आलं जवळपास गीझरइतकंच. विक्रेत्याकडे तीनदा तक्रार केली. दर वेळी त्यांचा मुलगा यायचा आणि स्क्रीनवरचे ५५ अंश दाखवून जायचा. शेवटी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने वायरला क्लॅम्प मीटर अडकवला. तीन अँपिअर दिसायला हवे होते. दिसले साडेअकरा! आतली २,००० वॉटची मदतीची कॉइल रोज तासन्‌तास चालत होती. मशीन जिन्याखालच्या कोंदट कोपऱ्यात होतं; स्वतःच सोडलेली गार हवा पुन्हा ओढून दमत होतं. तो कोपरा त्यांच्याच माणसाने निवडला होता, "पावसापासून वाचेल" म्हणून. मीटरचा फोटो पाठवला. त्यांनी पाहिला. उत्तर आजतागायत नाही.

म्हणून सांगतो. मशीन चारही बाजूंनी हवा खेळेल अशा जागी बसवा, पण कुणाच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली नको, आवाज होतो. कॉइल कधी सुरू होते ते विचारा आणि तिला वेगळा स्विच मागा. गरम पाण्याच्या पाइपाला आवरण हवंच. बोअरचं पाणी असेल तर टाकीत क्षार साचतात. वर्षातून एकदा साफसफाई करून घ्या. सगळं लेखी घ्या. मीटर लावून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

आणि बचतीचा कागद नीट वाचा. माझ्या कागदावर रोजची बचत ३६५ ने गुणली होती. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, हे खरं. पण मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच अंगाला चटके देतं. इथे पाणी तापवायचे महिने जेमतेम चार. तेवढेच धरा, मग पैसे किती वर्षांत फिटतात ते पाहा.

मशीन मी स्वतःच्या खर्चाने गच्चीवर हलवलं. आता मीटर तीन अँपिअर दाखवतो. घरात माणसं चारच आहेत, आणि वापरही तेवढाच.