नव्या सेवा केंद्रासाठी आत्याचे कानमंत्र

बाबू, फोंडाघाटच्या बाजारात सेवा केंद्र उघडतोयस, फार बरं वाटलं. टेबलावर वायरींचा गुंता नको म्हणून वायरलेस कीबोर्ड-माउस आणलास, तेही पाहिलं. टापटिपीची हौस तुला लहानपणापासूनच. पण समोर बसणारी माणसं आधार, बँकेचं खातं, सातबारा सगळं तुझ्या हवाली करणार. म्हणून एवढं ऐक.

१. पैशांची आणि आधारची कामं होतात त्या संगणकाला वायरचाच कीबोर्ड लाव – वायरलेस कीबोर्ड प्रत्येक कळ रेडिओने संगणकात खोचलेल्या डाँगलकडे पाठवतो. जुलै २०१६मध्ये बॅस्टिल या अमेरिकी कंपनीने दाखवलं, की आठ कंपन्यांचे स्वस्त कीबोर्ड ती कळ सांकेतिक न करता, उघडीच पाठवत होते. तार पायात येते, लहर खिशात शिरते.

२. ‘कीबोर्ड वायरचा, माउस तेवढा वायरलेस’ म्हणून निर्धास्त राहू नकोस – हे पटायला जड जातं, म्हणून नीट सांगते. त्याच वर्षी फेब्रुवारीत बॅस्टिलच्या मार्क न्यूलिनने ‘माउसजॅक’ उघडकीला आणलं. कीबोर्डचे संदेश बऱ्याच कंपन्या सांकेतिक करत, माउसचे मात्र तसेच सोडत. नुसत्या हलण्या-टिचकीत चोरण्यासारखं काय, असा हिशेब. पण कित्येक डाँगल माउसच्या नावाने आलेली कळही मुकाट्याने घेत. लॉजिटेक, डेल, एचपी, लेनोवो, मायक्रोसॉफ्ट अशी मोठी नावं त्यात होती. म्हणजे परका माणूस दूर बसून तुझ्या संगणकावर टाइप करणार! हे शंभर मीटरवरूनही जमतं. तुझ्या दारासमोर देवगड-निपाणी रस्त्याकडेला थांबलेली कुठलीही गाडी त्याहून जवळच असते.

३. खुर्चीतून उठताना विंडोजचं बटण आणि एल दाब, मग चहाला जा – स्क्रीनला कुलूप असलं की बाहेरच्या कळा पासवर्डपाशी अडतात. ‘आलोच’ म्हणून गेलेला तू किती वेळाने येतोस, ते आम्हाला ठाऊक आहे.

४. संगणक चालू ठेवून जेवायला जायचंच झालं, तर डाँगल काढून ड्रॉवरमध्ये ठेव – माउस बंद केला तरी ऐकणारा डाँगल जागाच असतो. डिजिटल सहीचं टोकनही काम झाल्याबरोबर काढ.

५. डाँगलचं अपडेट कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः शोध – विंडोज अपडेट झालं म्हणजे डाँगलही दुरुस्त झाला, असं समजू नकोस. जुन्यांपैकी कित्येकांची दुरुस्ती करताच येत नाही. तसला निघाला तर हळहळू नकोस, बदल. नवा वायरलेस कीबोर्ड घेताना कळा सांकेतिक करण्यासाठी खोक्यावर एईएस १२८-बिट लिहिलंय का बघ.

६. दुकानातल्या प्लगला कुणाचा चार्जर लावलाय, हे रोज संध्याकाळी बघ – जानेवारी २०१५मध्ये सॅमी कामकारने साध्या मोबाइल चार्जरसारखं दिसणारं यंत्र बनवून दाखवलं. ते जवळच्या मायक्रोसॉफ्टच्या काही वायरलेस कीबोर्डांवरचं टाइपिंग टिपून ठेवायचं.

७. ब्लूटूथ लागेल तेवढंच चालू ठेव आणि फोनचं अपडेट पुढे ढकलू नकोस – डिसेंबर २०२३मध्ये न्यूलिननेच दाखवलं, की परकं यंत्र ब्लूटूथ कीबोर्ड असल्याचं भासवून फोनमध्ये टाइप करू शकतं. अँड्रॉइड १० किंवा त्याहून जुना फोन पैशांच्या कामाला नकोच, त्याला या दोषाची दुरुस्ती मिळाली नाही.

८. रोजच्या कामाला अॅडमिन नसलेलं खातं वापर – उद्या कुणी शिरलाच, तर नवा प्रोग्राम बसवताना त्याला पासवर्ड मागितला जाईल.

९. खिडक्या आपोआप उघडायला लागल्या, अक्षरं आपोआप उमटायला लागली, तर आधी डाँगल आणि इंटरनेट काढ, पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदल. कुणाचे पैसे गेले असतील तर त्या माणसाला समोर बसवून तेव्हाच सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, १९३०ला, फोन लाव, संकोच करू नकोस – तक्रार जितकी लवकर जाईल, तितकी रक्कम वाटेतच अडवता येण्याची शक्यता जास्त.