मोबाइलवरील ओळख व शेतकऱ्याचा व्यवहार

व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब इत्यादि समाजमाध्यमें आतां बहुतेक शेतकऱ्यांच्या हातीं आलीं आहेत. त्यांचा उपयोग कसा होतो हें वाचकांस सांगावयास नकोच. पहांटे फुलांचीं चित्रें, दुपारीं राजकारण, आणि रात्रीं वाढदिवसाच्या शुभेच्छा! याच साधनानें मालास गिऱ्हाईक, हातास काम व अडचणीचे वेळीं जाणत्याचा सल्ला मिळूं शकतो, ही गोष्ट मात्र थोड्यांनींच मनावर घेतली आहे. ती कशी साधते व फसगत कोठें होते, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ओळखीवर व्यवहार चालणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. आमचे वडील बाजारास जात, तेव्हां आडत्याच्या पेढीवर घटकाभर बसत. जत्रेंत बैल पाहतां पाहतां परगांवच्या चार असामींशीं बोलणें होई. आणि त्यांतूनच पुढें बियाणें, उधारी व सोयरीक हीं तिन्ही जमत. त्या ओळखीस एक आधार होता. समोरच्या माणसाचें घर कोठें, शिवार कोणतें, दिलेला शब्द तो पाळतो कीं नाहीं, हें दहा जणांस ठाऊक असे. मोबाइलवरील ओळखीस हा आधार आपोआप मिळत नाहीं. तो ज्याचा त्यानें उभा करावा लागतो. कसा, तें पाहूं.

आम्हीं आयुष्यभर महसूल खात्यांत कारकुनी केली, म्हणून दृष्टांतही त्याच दप्तरांतला सुचतो. पिकांची नोंद पूर्वीं तलाठी करीत असे. सन २०२१ च्या १५ ऑगस्टपासून आपल्या राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली, व खातेदारानें स्वतः शेतांत उभें राहून पिकाच्या फोटोसह नोंद करावी असें ठरलें. या नोंदीस किंमत येते ती तिच्यांत गट नंबर, क्षेत्र, पीक व ठिकाण असतें म्हणून. “माझें पीक उत्तम आहे” एवढेंच कोणी लिहून दिलें, तर त्या कागदास कोण विचारील? पण समूहावर आमचे बंधु नेमकें हेंच लिहितात: “एक नंबर माल आहे, लवकर संपर्क करा.” कोणता माल, किती, कोठें, केव्हां तयार होणार, याचा पत्ता नाहीं. याऐवजीं असें लिहावें: “भगवा डाळिंब, अंदाजें चार टन. अमुक गांव, अमुक तालुका. तोडणी येत्या पंधरवड्यांत. फळ १८० ते २५० ग्रॅम. शेंकडा दहा फळांवर डाग आहेत, तीं निराळीं काढून ठेवूं. बाग पाहावयास यावें.” डागांचा उल्लेख पाहून कित्येकांस हंसू येईल. परंतु व्यापाऱ्याचा विश्वास बसतो तो त्याच वाक्यावर.

आमच्या शेजारच्या गांवीं डाळिंबाची छाटणी करणारा एक तरुण आहे. स्वतःची जमीन दीड एकर, तीही कोरडवाहू. तीन वर्षांपूर्वीं त्यानें एक परिपाठ ठेवला. ज्या बागेंत काम करी, तेथील दोन झाडांचे छाटणीपूर्वींचे व नंतरचे फोटो मालकाच्या परवानगीनें काढी, खालीं तारीख, बहार व झाडांची संख्या लिही, आणि तालुक्याच्या समूहावर टाकी. दोन महिन्यांनीं त्याच दोन झाडांची फळधारणा दाखवी. एका बागेंत फुलगळ फार झाली, तीही त्यानें लपविली नाहीं. पाण्याचा ताण नीट बसला नव्हता असें मालकानें स्वतःच खालीं लिहिलें. लोक म्हणाले, या पोरानें आपल्या हातानें धंदा बुडविला. घडलें उलटेंच. परतालुक्यांतील बागाईतदार त्याची विचारपूस करूं लागले, व गेल्या हंगामांत त्याला जोडीस सहा गडी घ्यावे लागले. त्यानें काम मागणारी जाहिरात एकही केली नाहीं. केलेल्या कामाची नोंद तेवढी ठेवली. द्राक्षाची छाटणी, कलमें बांधणें, ट्रॅक्टर भाड्यानें देणें, रोपवाटिका, फवारणी, यांपैकीं कोणताही धंदा करणाऱ्या तरुणास हा मार्ग मोकळा आहे.

मालाच्या विक्रीचें प्रकरण याहून नाजूक आहे. सन २०१६ मध्यें महाराष्ट्रांत फळें व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनांतून मुक्त झाला, व हा माल आवाराबाहेर विकण्याची मोकळीक शेतकऱ्यास मिळाली. पुढें सन २०२० च्या टाळेबंदींत पुण्या-मुंबईच्या गृहसंस्थांनीं आपआपल्या व्हॉट्सॲप समूहांवर एकत्र मागण्या नोंदवून शेतकऱ्यांकडून थेट भाजी व फळें नेलीं. कोंकणांतील कित्येक बागाईतदार हापूसच्या पेट्या याच रीतीनें घरपोंच पाठवितात. हापूसला सन २०१८ मध्यें भौगोलिक निर्देशांक मिळाला असल्यामुळें नोंदणीकृत बागाईतदारास तो खुणेदाखल दाखवितां येतो. हें सर्व स्तुत्य आहे. परंतु आवाराच्या आंत आडत्यास परवाना असतो व तक्रार करावयास समितीची कचेरी असते. बाहेरच्या सौद्यांत दोन्हीं नसतात, हें विसरूं नये.

आमचीच एक गोष्ट सांगतों. सन २०२१ सालीं आम्हीं व चार भाऊबंदांनीं मिळून डाळिंबाची एक गाडी परराज्यांतील एका व्यापाऱ्यास पाठविली. त्याची ओळख फेसबुकवरच झाली होती. त्यानें मालाचे फोटो मागितले. आमच्या धाकट्या पुतण्यानें वरच्या थरांतील भरदार फळें पुढें मांडून असे सुरेख फोटो काढले कीं, आम्हांसच आमच्या बागेचा अभिमान वाटला! गाडी पोंचल्यावर व्यापाऱ्यानें पेट्या तळापासून उपसल्या आणि त्यांचे फोटो आम्हांस पाठविले. दर तिसऱ्या हिश्श्यानें तोडला गेला. आम्हांस तोंड उघडण्यास जागा नव्हती, कारण लबाडी आमची होती. ठरलेल्या तोडीव दरानें त्यानें पै न् पै चुकती केली, परंतु पुढें दोन वर्षें आमच्या संदेशास उत्तर दिलें नाहीं. एका हंगामांतील नुकसानीपेक्षां तें गिऱ्हाईक गेल्याचें दुःख आम्हांस अधिक वाटतें. आतां आम्ही पेटीच्या तळचा फोटो आधीं टाकतों.

उलट बाजूची लबाडी याहून वाईट. तिची रीत ठरलेली असते. अनोळखी व्यापारी चढा दर बोलतो. पहिल्या गाडीचे पैसे जागेवर, दुसरीचे दोन दिवसांत. तिसऱ्या वेळीं साऱ्या भावकीचा माल एकदम उचलतो, आणि मग मोबाइल बंद! द्राक्षबागाईतदारांस याचा अनुभव पुष्कळ आहे. म्हणून नवीन ओळखीच्या माणसाचा माग काढल्याविना सौदा करूं नये. खाद्यमालाचा व्यापार करणाऱ्याजवळ अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक असावा लागतो. तो मागून घ्यावा व प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा. त्यानें ज्यांच्याकडून पूर्वीं माल घेतला, अशा दोन शेतकऱ्यांचीं नांवें विचारावीं, व त्यांच्याशीं स्वतः बोलावें. नांवें देण्यास तो कां-कूं करील, तर तेथेंच रामराम करावा. अर्धी रक्कम गाडी भरण्यापूर्वीं व उरलेली गाडी सुटण्यापूर्वीं, हा नियम दुसऱ्या-तिसऱ्या गाडीसही ढिला करूं नये. चढ्या दराची भूल येथेंच पडते.

“पैसे पाठवितों, पिन टाका,” असें कोणी म्हणेल, तर तो चोर समजावा. पैसे घेण्याकरितां पिन कधींच टाकावा लागत नाहीं. फसगत झाल्यास लाजून बसूं नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें, कारण जितका उशीर होतो तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात. सात-बारा, आधार व बँकेचें पुस्तक यांचे फोटो समूहावर टाकणारे महाभागही आम्हीं पाहिले आहेत. असे कागद चारशें अनोळखी लोकांपुढें टाकावयाचे नसतात.

सल्ल्यासंबंधीं थोडेंसें. सन २०१८ मध्यें अमेरिकन लष्करी अळी प्रथम कर्नाटकांत आढळली व त्याच वर्षीं आपल्याकडे मक्यावर उतरली. तेव्हां समूहांवर “अळी पडली, काय मारूं?” असा एकच आक्रोश चालला होता, व उत्तरादाखल दहा जण दहा औषधांचीं नांवें देत होते. ज्यानें अळीच्या डोक्यावरील उलट्या इंग्रजी ‘वाय’सारखी खूण व शेंपटाजवळील चौकोनांत मांडलेले चार ठिपके स्पष्ट दिसतील असा फोटो टाकला, त्याच्या अळीची ओळख कृषि विज्ञान केंद्रांतील तज्ज्ञास घरबसल्या पटविणें शक्य झालें. प्रश्न नीट विचारणें हेंही एक कसब आहे. आणि जो दुसऱ्याच्या प्रश्नास, स्वतःस ठाऊक असेल तेवढेंच, नेमकें उत्तर देतो, त्याचें नांव लोकांच्या ध्यानांत राहतें. पुढें मालाची चौकशीही त्याच्याकडेच प्रथम येते.

ज्यांनीं उत्पादक कंपन्या स्थापिल्या आहेत, त्यांच्या संचालकांनीं लिंक्डइन या माध्यमाकडे अवश्य पाहावें. नोकरीधंद्याच्या ओळखींकरितांच तें सन २००३ मध्यें निघालें. निर्यातदार, शीतगृहवाले, प्रक्रिया-कारखान्यांचे खरेदी अधिकारी तेथें आपल्या नांवानिशीं व हुद्द्यानिशीं असतात. भाषा बहुधा इंग्रजी पडते; तें काम घरांतील शिकलेल्या मुलीकडे किंवा सुनेकडे सोंपवावें. कित्येक घरांत पदवीधर सून असून कंपनीचा पत्रव्यवहार भाड्याच्या माणसाकडून करवितात, हें आम्हांस विलक्षण वाटतें.

आतां लिखित पुराव्याविषयीं. बोलणें तोंडी झालें, तरी फोन ठेवतांच माल, प्रत, वजन, दर, गाडीभाडें कोणाकडे व पैसे केव्हां, हें सर्व एका संदेशांत लिहून पाठवावें, व समोरच्याकडून “मान्य” असें उत्तर घ्यावें. सन २०२४ च्या १ जुलैपासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अंमलांत आला आहे. त्याच्या कलम ६३ अन्वयें असे संदेश विहित प्रमाणपत्रासह न्यायालयांत पुरावा म्हणून दाखल करतां येतात. यासाठीं पैसे चुकते होईपर्यंत संभाषण पुसूं नये व तो मोबाइल विकूंही नये. शिवाय व्हॉट्सॲपमध्यें ठराविक मुदतीनंतर संदेश आपोआप नाहींसे होण्याची एक सोय आहे. व्यापाऱ्यानें ती चालू केली असल्यास तशी सूचना संभाषणांत दिसते. ती दिसतांच सौदा तेथेंच थांबवावा, व ती सोय बंद झाल्यावर सर्व अटी पुन्हां एकवार लिहून घ्याव्या.