खताचे दोन अहवाल जुळत नाहीत तेव्हा

एकाच लॉटचे खत एका प्रयोगशाळेत नापास आणि दुसरीत पास ठरले की भांडण रसायनशास्त्राचे आहे असे वाटते. कायद्याच्या लेखी ते आधी नमुन्याचे भांडण असते. नमुना कोणी काढला, कोणाच्या सीलखाली होता, तपासणारी प्रयोगशाळा अधिसूचित होती का आणि हरकत मुदतीत घेतली का, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच नत्र किती टक्के भरले याकडे कोणी वळते. दुकानदार आणि शेतकरी दोघेही बहुधा उलट क्रमाने धावतात. नुकसान तिथेच होते.

या विषयाचा मूळ कायदा म्हणजे अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली काढलेला रासायनिक खत (नियंत्रण) आदेश, १९८५. त्याच्या खंड १९ प्रमाणे ठरवून दिलेल्या प्रमाणात न बसणारे, म्हणजे अप्रमाणित खत बनवणे, साठवणे आणि विकणे हा गुन्हा आहे. खंड २८ निरीक्षकाला नमुना काढण्याचा अधिकार देतो. नमुना कसा काढायचा ते दुसऱ्या परिशिष्टात बारकाईने लिहिलेले आहे आणि निम्म्या वादांचे मूळ त्या पानांवर सापडते. १० ते १०० गोण्यांच्या लॉटमधून दोन गोण्या, १०० ते २०० मधून तीन, अशी संख्या ठरलेली आहे. गोणीत सळई एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी घालायची. सळई कोरडी आणि स्वच्छ हवी. पावसात किंवा उन्हात उघड्यावर नमुना घ्यायचा नाही. निघालेले खत एकत्र करून सपाट पसरायचे, चार भाग करून समोरासमोरचे भाग घेत घेत कमी करायचे आणि शेवटी त्याचे तीन सारखे नमुने करायचे. प्रत्यक्षात थप्पीच्या वरच्या गोणीचे तोंड उघडून ओंजळभर खत काढणारे निरीक्षकही भेटतात. मिश्रखतात जड आणि हलके दाणे हाताळणीत वेगळे होतात. तिथे वरची ओंजळ आणि तळाची ओंजळ ही दोन वेगळी खते निघू शकतात.

नमुना काढताना विक्रेत्याने बोलायला हवे आणि नेमके त्याच वेळी तो गप्प राहतो, साहेब नाराज होतील म्हणून. जे-फॉर्ममधील पावतीवर सही करण्याआधी लॉट क्रमांक, गोण्यांची संख्या, शिवण मूळची आहे की नाही, गोणी ओली किंवा फाटकी आहे का, हे सगळे त्यावर उतरले आहे याची खात्री करावी. आक्षेप असेल तर तो सहीशेजारीच लिहावा. महिन्यांनंतर वकिलाने लिहिलेल्या दहा पानांपेक्षा त्या जागेवरच्या दोन ओळींना जास्त वजन असते.

तीनपैकी एक नमुना के-फॉर्ममधील ज्ञापनासह प्रयोगशाळेकडे जातो, दुसरा ज्याच्याकडून घेतला त्याला दिला जातो आणि तिसरा निरीक्षकाच्या वरिष्ठांच्या ताब्यात राहतो. खंड ३० मध्ये मुदती आहेत: नमुना काढल्यापासून ७ दिवसांत रवाना, पोहोचल्यापासून ३० दिवसांत एल-फॉर्ममध्ये अहवाल आणि अहवाल मिळाल्यापासून १५ दिवसांत संबंधिताला निकाल. या मुदती हुकल्या एवढ्यावर खटला आपोआप कोसळत नाही. उशिरामुळे फेरतपासणीचा हक्कच निकामी झाला, उदाहरणार्थ खत तोवर पाणी धरून गोळा झाले, असे दाखवता आले तर मुद्द्याला धार येते.

प्रामाणिक प्रयोगशाळांचे आकडेही वेगळे येऊ शकतात. ओलावा हे त्यातले सर्वांत साधे कारण. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असते. १०० किलो खताने २ किलो पाणी शोषले की त्याच नत्राची टक्केवारी १७.६५ वर येते. एक ग्रॅमही नत्र कमी झालेले नसते, तरी कागदावर घट दिसते. परिशिष्टात अन्नद्रव्यांच्या कमी-जास्तीला सूट आहे, पण ती फार थोडी. म्हणून अहवाल हाती येताच त्यातला ओलाव्याचा आकडा आधी पाहावा आणि तो मर्यादेबाहेर असेल तर नमुना कुठे, कसा ठेवला होता हे विचारावे.

अहवाल अप्रमाणित आला की सगळ्यात मोठी चूक घडते ती दुकानातच. आपल्याकडचा सीलबंद नमुना फोडून खासगी प्रयोगशाळेत पाठवला जातो, तिथून 'पास' असा कागद येतो आणि तो घेऊन विक्रेता जिल्हा कार्यालयात जातो. त्या कागदाला तिथे किंमत नसते, कारण खंड २९ प्रमाणे अधिसूचित प्रयोगशाळेचाच अहवाल ग्राह्य धरला जातो. वर सील फुटल्यामुळे तो नमुना फेरतपासणीलाही बाद होतो. खंड २९-बी प्रमाणे ही तपासणी उरलेल्या दोन नमुन्यांपैकी एकावर व्हायची असते. तिसऱ्या नमुन्याचे सील कार्यालयाच्या कपाटात सैल झाले असेल, तर दुकानातली पिशवी हाच शेवटचा आधार. ती कोरड्या जागी, लाखेला धक्का न लावता ठेवावी. मालकाने स्वतःच्या समाधानासाठी तपासणी करायचीच असेल तर त्याच लॉटची दुसरी गोणी फोडावी.

खरा उपाय म्हणजे अपील. राज्याच्या निरीक्षकाने नमुना काढला असेल तर खंड ३२-ए प्रमाणे, अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत, राज्याने नेमलेल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे फेरतपासणी मागता येते. अहवाल कोणत्या तारखेला मिळाला याचा पुरावा, म्हणजे टपालाचे पाकीट किंवा पोहोच, जपून ठेवावा. मुदत तिथूनच मोजली जाते. अर्जात नुसते 'निकाल मान्य नाही' असे लिहू नये. नमुना काढण्यातली त्रुटी, ओलाव्याचा आकडा, मुदतभंग, सीलची नोंद हे मुद्दे एकेक करून मांडावेत. फेरतपासणी कुठे होणार यालाही नियम आहे. पहिली तपासणी ज्या राज्यात झाली तिथल्या प्रयोगशाळेकडे नमुना पुन्हा जात नाही. फरीदाबादची केंद्रीय संस्था आणि तिच्या नवी मुंबई, चेन्नई, कल्याणी येथील प्रादेशिक प्रयोगशाळा एकच गट मानल्या जातात. त्यांतल्या एकीचा निकाल दुसरीकडून तपासून घेता येत नाही, तेव्हा नमुना राज्याच्या अधिसूचित प्रयोगशाळेकडे जातो. फेरतपासणीचा निकाल आला की पुढची कारवाई त्याच्यावर चालते.

अपील दाखल झाले म्हणून बाकीची चक्रे थांबत नाहीत. विक्रीबंदी कायम राहू शकते, खंड ३१ खाली परवाना निलंबित करण्याची नोटीस येऊ शकते आणि अत्यावश्यक वस्तू अधिनियमाच्या कलम ६-ए खाली जिल्हाधिकारी साठा जप्त करू शकतात. प्रत्येक नोटिसीला वेगळे लेखी उत्तर द्यावे आणि त्यात अपिलाची पोहोच जोडावी. जप्तीच्या आदेशावर एका महिन्यात स्वतंत्र अपील आहे. विक्रेत्याचा बचाव बिल, ओ-फॉर्म (खताच्या स्रोताचे प्रमाणपत्र) आणि मूळ शिवणीच्या गोणीवर उभा राहतो. उत्पादकाकडे बोट दाखवायचे तर हे तिन्ही कागदावर हवेत. अपिलीय प्राधिकाऱ्याने न ऐकता अर्ज फेटाळला किंवा फेरतपासणीच नाकारली, तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयाकडे जाता येते. तिथे खत चांगले की वाईट यावर सहसा चर्चा होत नाही. हक्क डावलला गेला का, एवढाच प्रश्न असतो.

शेतकऱ्याची वाट वेगळी आहे. दुकानातून काढलेल्या नमुन्याशी त्याचा थेट संबंध नसतो आणि त्याने स्वतः पाठवलेल्या मातकट पुडीचा अहवाल कृषी विभाग पुरावा मानत नाही. त्याने पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी, पोहोच घ्यावी आणि शक्य असेल तर त्याच लॉटची एक गोणी न उघडता ठेवावी. भरपाई मात्र खत आदेशात नाही, ती ग्राहक आयोगाकडे मागावी लागते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३८ खाली जिल्हा आयोग स्वतः नमुना सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, अहवालासाठी ४५ दिवस देतो आणि अहवाल मान्य नसलेल्या पक्षाची लेखी हरकत ऐकून घेतो. दोन विरोधी अहवालांची उघड तुलना शेतकऱ्याच्या समोर होण्याची जागा हीच. सगळे खत शेतात टाकून झाले असेल तरी दार बंद होत नाही. बियाण्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात, शेतकऱ्याने नमुना राखून ठेवला नाही म्हणून त्याची तक्रार फेटाळता येणार नाही, अशी भूमिका घेतली आणि तोच तर्क खताच्या तक्रारीत मांडता येतो. मात्र बिल, पिकाचा पंचनामा आणि शेजारच्या शेतातल्या पिकाची स्थिती ही जोड हवी. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फी लागत नाही.