मृत्यूचा दाखला कसा काढावा? नोंद, मुदत, नावातली चूक आणि अर्जाचा नमुना



नागरिकशास्त्रात ग्रामपंचायतीची कामे शिकवताना एक ओळ येते : जन्म, मृत्यू व विवाहाची नोंद ठेवणे. मुलं ती पाठ करतात, पेपरात लिहितात आणि गुण मिळवतात. मीही कित्येक वर्षं ती तशीच शिकवली, दिवाबत्ती आणि पाणीपुरवठा यांच्या मधे, घाईघाईत. मग माझ्या वर्गातल्या चौथीच्या एका मुलाचे वडील वारले आणि त्याची आई एक कागद घेऊन शाळेत आली. "मॅडम, बँकवाले म्हणतात हा माणूस वेगळाय. तुम्हीच वाचून सांगा काय लिहिलंय ते."

कागद मृत्यूच्या दाखल्याचा होता. त्यावर नाव होतं बाळू. पासबुकावर, आधार कार्डावर आणि सातबाऱ्यावर होतं बाळासाहेब. गावाला माहीत की दोन्ही एकच. पण बँकेला गाव माहीत नसतं. (इथे मी मुलाच्या वडिलांचं खरं नाव बदललं आहे, चूक मात्र अगदी अशीच होती.)

त्या कागदामागे मी त्या ताईंबरोबर जे हिंडले त्यातून जे समजलं ते आज लिहिते आहे. घरात असा प्रसंग येऊच नये, पण येतोच. तेव्हा कुणाचं डोकं जागेवर नसतं, म्हणून आधी वाचून ठेवा.

नोंद वेगळी, दाखला वेगळा

आपण "दाखला काढायचा" म्हणतो, पण खरं काम त्याच्या आधीचं असतं. आधी मृत्यूची नोंद होते, म्हणजे निबंधकाच्या रजिस्टरला माहिती चढते. दाखला हा त्या रजिस्टरचा उतारा. रजिस्टरला जे असेल तेच दाखल्यावर येणार. दाखल्यावर खाडाखोड करून काही होत नाही, आणि दुसरी प्रत काढली तरी तीच चूक पुन्हा छापून येते. ताईंनी तीन वेळा पैसे भरून तीन प्रती काढल्या होत्या, नवीन प्रतीत तरी नाव बरोबर येईल म्हणून. कुणीतरी त्यांना हे एक वाक्य सांगायला हवं होतं.

ही नोंद 'जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९' या कायद्याने सक्तीची आहे. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे.

नोंद कुठे होते?

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. माणूस राहत होता तिथे नाही, तर जिथे वारला तिथे नोंद होते. घरी वारला तर गावच्या ग्रामपंचायतीत, म्हणजे ग्रामसेवकाकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). शहरातल्या दवाखान्यात वारला तर त्या शहराच्या नगरपालिकेच्या किंवा महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात. मग तो जन्मभर तुमच्या गावात राहिलेला असो, त्याचं शेत, घर, मतदान सगळं गावात असो. चालत्या गाडीत मृत्यू झाला तर गाडी जिथे पहिल्यांदा थांबते तिथे.

ताई पहिल्यांदा गावच्या ग्रामपंचायतीत गेल्या. "इथं नोंद नाही" असं ऐकून परत आल्या. कुठे आहे हे कुणी सांगितलं नाही. त्यात त्यांचा दीड महिना गेला. दवाखान्याचा केसपेपर घरातच होता, त्यावर शहराचं नाव छापलेलं होतं.

माहिती कोण देतं?

दवाखान्यात मृत्यू झाला तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची, तिथल्या प्रमुख डॉक्टरांची. घरी झाला तर घरच्या कर्त्या माणसाची, तो नसेल तर जवळच्या नातेवाइकाची. ग्रामसेवक आपणहून घरी येऊन नोंद करतील या भरवशावर बसू नका. आशाताई, अंगणवाडीताई, पोलीस पाटील यांची मदत होते, पण सही घरच्यांची लागते.

त्यासाठी 'नमुना २' हा फॉर्म असतो. त्याचे दोन भाग आहेत. कायदेशीर भागात नाव, लिंग, मृत्यूची तारीख, ठिकाण, आई-वडिलांचं व पती किंवा पत्नीचं नाव, पत्ता. हाच भाग पुढे दाखल्यावर येतो. दुसरा सांख्यिकी भाग. त्यात शिक्षण, व्यवसाय आणि तंबाखू, दारू यांची सवय होती का, किती वर्षं, असंही विचारतात. तो आकडेवारीसाठी असतो आणि दाखल्यावर छापला जात नाही. मृत्यूचं कारणसुद्धा दाखल्यावर येत नाही, कायद्यानेच ते देता येत नाही. "दाखल्यावर दारूचं येईल का हो?" म्हणून एक आजी नोंद करायला घाबरत होत्या. नाही येत, आजी.

मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र वेगळं असतं, ते डॉक्टर देतात. २०२३ च्या दुरुस्तीनंतर दवाखान्याने त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला मोफत द्यायची आहे. ती मागून घ्या. विम्याच्या कामाला तीच लागते.

मुदत : तेराव्याशी जोडून लक्षात ठेवा

नोंद २१ दिवसांच्या आत केली तर काहीही पैसे लागत नाहीत. आपल्याकडे दहावा, तेरावा होईपर्यंत घरातलं कुणी बाहेरच्या कामाला हात लावत नाही. तेरावा झाला की पाहुणे जातात, सगळे थकलेले असतात, आणि हातात उरतात फक्त आठ दिवस. मुस्लिम घरांत चाळिसावा होईपर्यंत थांबलं तर ३० दिवसही उलटून जातात. म्हणून मी आता सगळ्यांना सांगते, सुतकात असलेल्यांनी बसून राहावं हवं तर, पण भाच्याने, जावयाने, शेजारच्या शिकलेल्या पोराने तेराव्याआधी चौकशीला एक चक्कर मारून यावी.

२१ दिवस गेले तरी ३० दिवसांपर्यंत किरकोळ विलंब शुल्क भरून नोंद होते. ३० दिवस ते एक वर्ष या काळात जिल्हा निबंधक किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. एक वर्ष उलटलं की प्रकरण दंडाधिकाऱ्याकडे जातं. पूर्वी त्यासाठी कोर्टात जावं लागे. आता जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी आदेश देतात. त्याआधी "आमच्याकडे अशी नोंद नाही" असं अनुपलब्धता प्रमाणपत्र निबंधकाकडून घ्यावं लागतं, आणि पुरावे जमवावे लागतात : स्मशानभूमीची पावती, दवाखान्याचे कागद, पोलीस पाटलाचा दाखला. अलीकडे राज्यात उशिराच्या नोंदींची तपासणी कडक झाली आहे, त्यामुळे "बघू नंतर" महागात पडतं. माझ्या आजोबांची नोंद आमच्या घरातही राहून गेली होती. शेताची वाटणी निघाली तेव्हा कळलं. शिकलेल्या घरातली गोष्ट सांगतेय.

नाव चुकतं कुठे?

आता त्या बाळूकडे येते, कारण खरा घोळ इथेच आहे.

त्या रात्री भावाला दवाखान्यात घेऊन गेले ते दीर. रात्रीचे दोन वाजलेले. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, पेशंटचं नाव? दिरांनी तोंडात येतं ते सांगितलं, बाळू. केसपेपरवर बाळू आलं. दोन दिवसांनी मृत्यू झाला, तेव्हा केसपेपरवरून नमुना २ भरला गेला. त्यावरून रजिस्टर, रजिस्टरवरून दाखला. वाटेत कुठेही कुणी आधार कार्ड पाहिलं नाही आणि घरच्यांनी, रडण्याच्या भरात, वाचलं नाही. एका घाबरलेल्या माणसाचा एक शब्द सरकारी नाव होऊन बसला.

म्हणून दवाखान्यात ॲडमिट करतानाच आधार कार्ड दाखवून नाव लिहून घ्या. घाईत राहिलंच तर मृतदेह ताब्यात घेताना कागदावर नाव, वय, तारीख आणि पत्नीचं किंवा पतीचं नाव वाचा. त्या क्षणी ते बोलणं कठोर वाटतं, मला कळतं. सोबत आलेल्या एखाद्या लांबच्या माणसाला ते काम द्या. सासरचं-माहेरचं नाव, 'बाई', 'राव', 'साहेब', 'अण्णा' ही शेपटं, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग, इथेच चुका होतात.

आणि एक कबुली द्यायची आहे. ताईंना नाव दुरुस्तीसाठी पुरावा हवा होता. मी म्हटलं, शाळेचं जनरल रजिस्टर आहे की, मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव असतंच. रजिस्टर काढलं. बाळू. प्रवेशाच्या दिवशी आजीने सांगितलं ते मीच माझ्या अक्षरात लिहिलेलं. पहिलीचे प्रवेश, गर्दी, आधार नंतर आणा म्हटलेलं. ताई काही बोलल्या नाहीत. मीच खाली बघत राहिले.

दुरुस्ती कशी होते?

कायद्याच्या कलम १५ प्रमाणे दुरुस्ती होते. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्तीची नोंद घेऊन निबंधक सही करतात. अर्ज जिथे नोंद आहे त्याच कार्यालयात करायचा. मृत व्यक्तीचं आधार, पासबुक, रेशनकार्ड, सातबारा असे जुने कागद जोडायचे, आणि चूक काय आहे व खरं काय आहे हे माहीत असलेल्या दोन विश्वासू व्यक्तींचं लेखी निवेदन द्यायचं. आमच्या वेळी एक पोलीस पाटील होते आणि दुसरी मी.

अर्ज दिल्यावर पोचपावती घ्या. त्यावर तारीख आणि शिक्का हवा. पोच नसेल तर पुढच्या खेपेला "कोणता अर्ज?" असं विचारलं जातं. ताईंचा पहिला अर्ज तसाच हरवला होता. दाखला देणं ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली सेवा आहे, ठरलेल्या दिवसांत मिळाली नाही तर प्रथम अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. हे नुसतं नम्रपणे बोलून दाखवलं तरी कधी कधी फाईल हलते.

एकूण पाच खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला एसटीचं तिकीट आणि एका दिवसाची मजुरी गेली.

दाखला कशाकशाला लागतो?

बँक, पोस्ट, एलआयसी, भविष्य निर्वाह निधी, पेन्शन हे सगळ्यांना ठाऊक असतं. खात्यातून ४३६ रुपये कापले जात असतील तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे २ लाख वारसाला मिळतात. पासबुकातल्या नोंदी नीट बघा, घरच्यांना बऱ्याचदा माहीतच नसतं. शेत असेल तर वारस नोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचं असतं. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. विधवेला संजय गांधी निराधार योजना आहे.

शिक्षकांनी लक्षात ठेवावी ती बालसंगोपन योजना. आई किंवा वडील गमावलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करतात. त्यात पहिला कागद मृत्यूचा दाखला आणि सोबत शाळेचं बोनाफाईड. दोन्हींवर वडिलांचं नाव एकच हवं. आमच्या मुलाचा अर्ज याच एका नावासाठी जवळजवळ वर्षभर अडला. त्या वर्षात त्याची आई ऊसतोडीला जायचं की नाही यावर रोज विचार करत होती. गेली असती तर मुलगाही गेला असता.

आता मी प्रवेशाच्या दिवशी आई-वडिलांचं आधार बघितल्याशिवाय पेन उचलत नाही. पालक वैतागतात. वैतागू देत.

पहिला दाखला माहिती देणाऱ्याला मोफत मिळतो, पुढच्या प्रतींना थोडं शुल्क आहे. केंद्राच्या सीआरएस पोर्टलवरून निघालेल्या दाखल्यावर क्यूआर कोड असतो, पीडीएफ जपून ठेवली तर पुन्हा प्रिंट काढता येते. पण आधी खिडकीपाशीच उभं राहून प्रत्येक ओळ वाचा, मगच जास्तीच्या प्रती काढा.

अर्जाचा नमुना

प्रति,
मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी,
ग्रामपंचायत / नगरपालिका ............

विषय : मृत्यूची नोंद करून दाखला मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती की, माझे/माझी (नाते) ............ (आधार कार्डाप्रमाणे पूर्ण नाव) यांचे दि. ....../....../...... रोजी (ठिकाण) ............ येथे निधन झाले आहे. त्यांच्या मृत्यूची नोंद घेऊन मला दाखल्याच्या ...... प्रती मिळाव्यात, ही विनंती. मृत व्यक्तीस गावात ............ या नावानेही ओळखत असत, परंतु नोंद आधार कार्डावरील नावानेच घ्यावी.

सोबत : मृत व्यक्तीचे व माझे आधार कार्ड, डॉक्टरांचे प्रमाणपत्र (असल्यास), स्मशानभूमीची पावती (असल्यास), रहिवासाचा पुरावा.

आपला/आपली विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, मोबाईल)

दुरुस्तीसाठी हाच अर्ज वापरताना विषयात "मृत्यू नोंदीतील नाव दुरुस्त करणेबाबत" असं लिहा, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख दाखल्यावरून उतरवून घ्या, आणि सोबतच्या कागदांत त्या दोन व्यक्तींचं निवेदन जोडा.