पाणी वापर संस्था म्हणजे सरकारने झटकलेली जबाबदारी?

प्रश्न : सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर वसमत तालुक्यात आमची हळद आहे. चारीच्या शेपटाला पाणी पोचत नाही. अधिकारी म्हणतात, संस्था काढा. सरकार अंग काढून घेतंय का?

उत्तर : शंका रास्त आहे, पण पूर्ण खरी नाही. येलदरी-सिद्धेश्वर ही जोडी आणि मुख्य कालवा जलसंपदा विभागाकडेच राहतो. सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणाऱ्या 2005च्या कायद्याने संस्थेकडे येते ती लघुवितरिका, म्हणजे तुमची चारी, आणि तिच्यावरचं पाणीवाटप. पाणी मुखाशी मोजून मिळतं, पट्टीही घनमीटरवर; पीक कोणतं घ्यायचं हे तुम्ही ठरवायचं.

तुमच्यासारख्यांना महत्त्वाचं असं की, संचालक मंडळात मुख, मध्य आणि शेपूट या तिन्ही भागांना सारखं प्रतिनिधित्व आहे. आज वरचा शेतकरी रात्री दार उचलतो आणि तुम्ही पाटकऱ्याला फोन लावत बसता. उद्या निदान जाब विचारायला हक्काची जागा असेल. भाऊबंदकी अर्थात कायद्याने मिटत नाही.

नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावर 1990च्या सुमारास बापू उपाध्ये, भरत कावळे यांनी शेपटाच्या ओझर गावातूनच अशा संस्थांची सुरुवात केली. पुढे सगळ्या प्रकल्पाचं पाणी व्यवस्थापनच शेतकऱ्यांच्या हाती आलं.

मात्र ताबा घेण्याची घाई करू नका. आधी विभागाबरोबर चारीवरून पायी संयुक्त पाहणी करा. फुटलेलं अस्तर, मोडकी दारं, साचलेला गाळ सगळं लेखी घ्या, दुरुस्ती करून घ्या, मुखाशी मोजमापाचं साधन बसलेलं बघा. त्याशिवाय सही नको.