यवनांचे व्यापारी शब्द आणि आपली बाजारपेठ
– द्वितीय वर्ष, कला

भाईंदर स्थानकातून विरारच्या गाडीत बसले की खाडीवरचा पूल ओलांडून नायगाव, मग वसई रोड आणि तिसरे स्थानक नालासोपारा. गर्दीत उभ्याने प्रवास करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की या गावाचे नाव सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक माणसाने आपल्या वहीत टिपून ठेवले होते. ‘सुप्पारा’ असे त्याने ते लिहिले. त्याच ओळीत पुढे ‘कल्लिएना’ म्हणजे आपले कल्याण येते आणि थोडे पुढे गेल्यावर ‘सेमिल्ला’ म्हणजे चौल. इतिहासाच्या तासाला सोपाऱ्याविषयी टिपण करण्यास सांगितले गेले, त्या निमित्ताने हे पुस्तक मी भाषांतरातून वाचले. टिपण चार पानांत संपले. पण त्यातले धंद्याचे ग्रीक शब्द मनातून जाईनात. त्यांच्याविषयी दोन शब्द लिहावेत एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या पुस्तकाचे नाव ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’. लेखक अज्ञात आहे. तो इजिप्तमध्ये राहणारा ग्रीकभाषी व्यापारी असावा आणि त्याने हे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिले असावे, असे अभ्यासक मानतात. बंदरे कोणती, कुठे काय विकते, कुठे काय मिळते, कुठे जहाज फसते याची ही नोंद आहे. ‘पेरिप्लस’ म्हणजे भोवतालचा जलप्रवास. यातील ‘पेरि’ हा संस्कृत ‘परि’चा सख्खा भाऊ आणि ‘प्लस’ हा तरंगणे या अर्थाच्या ‘प्लु’ धातूचा. म्हणजे संस्कृत जाणणाऱ्याला हे नाव ‘परिप्लव’ असे सहज वाचता यावे. ग्रीक आणि संस्कृत या एकाच मूळ कुळातील भाषा असल्यामुळे असे पुष्कळदा होते. मात्र एका कुळातून आलेले शब्द आणि बाजारातून उसने आलेले शब्द हे दोन वेगळे प्रकार होत, ते वाचकांनी एक समजू नयेत.

पेरिप्लसमध्ये कल्याणला ‘एम्पोरिऑन’ म्हटले आहे. एम्पोरिऑन म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांची पेठ. हा शब्द ‘एम्पोरोस’वरून आला आणि एम्पोरोसचा मूळ अर्थ मोठा गमतीचा आहे. स्वतःचे जहाज नसलेला, दुसऱ्याच्या जहाजातून जाणारा उतारू तो एम्पोरोस. गाठोडे घेऊन परक्याच्या जहाजात बसणारा हा माणूस पुढे समुद्रपार व्यापार करणारा मोठा व्यापारी ठरला. जहाजाचा मालक असेल त्याला ‘नाउक्लेरोस’ म्हणत. यातील ‘नाउ’ म्हणजे आपली नौ, नौका. आणि गावात दुकान मांडून किरकोळ विकणारा तो ‘कापेलोस’. प्लेटोने आणखी एक शब्द वापरला आहे, ‘आउटोपोलेस’, म्हणजे आपणच केलेला माल आपणच विकणारा. आठवडे बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणारी शेतकरीण या शब्दात चपखल बसते. आपण मात्र तिला आणि मंडईतल्या दलालाला दोघांनाही ‘भाजीवाले’ म्हणून मोकळे होतो.

कल्याणच्या पेठेची हकिकत पेरिप्लसमध्ये दुःखाची आहे. थोरल्या सरगनेसच्या काळी ही पेठ रीतसर मान्यतेची होती. पण सन्दनेसच्या हाती आल्यावर तेथील व्यापार अडवण्यात आला आणि चुकून तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात बरुगाझाला, म्हणजे भडोचला, नेली जाऊ लागली. सरगनेस हा कोणी सातकर्णी असावा. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्यात सोपारा-कल्याणचे गिऱ्हाईक भडोचने पळवले, असा याचा अर्थ लावतात. राज्यकर्त्यांच्या भांडणात पेठ बसते ती अशी.

घाटावरचा उल्लेखही सांगण्यासारखा आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगर म्हणजे तेर येथून साधे सुती कापड गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला येई. लेखक या प्रदेशाला ‘दखिनाबदेस’ म्हणतो आणि येथील लोकांच्या भाषेत दक्षिणेला ‘दखनोस’ म्हणतात असा खुलासाही करतो. दक्षिणापथ हा शब्द त्याने कोणाच्या तरी तोंडून ऐकला असणार. भडोचच्या खाडीत राजाच्या चाकरीतले कोळी ‘त्राप्पगा’ आणि ‘कोतिम्बा’ नावाच्या होड्या घेऊन परदेशी जहाजांना वाट दाखवायला जात, हेही त्याने लिहिले आहे. उत्तनच्या कोळ्यांनी ही दोन नावे ऐकून पाहावीत, असे मला फार वाटते.

आता कथलाविषयी. भडोचला ग्रीक जहाजांतून दारू, तांबे, शिसे, पोवळे यांच्याबरोबर ‘कास्सितेरोस’ येत असे, अशी नोंद पेरिप्लसमध्ये आहे. कास्सितेरोस म्हणजे कथील. हा शब्द संस्कृतात ‘कस्तीर’ झाला, प्राकृतातून उतरत मराठीत ‘कथील’ झाला, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. माझे आजोबा कल्हईवाले. भट्टीला भाता मारायचा, भांडे तापले की नवसागराची चिमूट टाकायची, कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते आतून सारखे पसरवायचे. धूर निघायचा आणि तांब्याचे काळे पातेले आतून चांदीसारखे व्हायचे. आजोबांना लिहितावाचता येत नव्हते. पण दिवसातून शंभर वेळा त्यांच्या तोंडी येणारा हा शब्द जहाजातून आला होता. (‘कल्हई’ हा शब्द मात्र अरबी, तोही कथलाचाच.) पुढे घरोघरी स्टीलची भांडी आली आणि कल्हईचा धंदा बसला. माझे वडील भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करण्याच्या कामावर आहेत. म्हणजे आमच्या घराचा भांड्यांशी संबंध सुटला नाही, फक्त कथील सुटले.

पैशाच्या शब्दांकडे वळू. ग्रीकांचे चांदीचे नाणे ‘द्राख्मे’. मूठभर धरणे या अर्थाच्या क्रियापदावरून हा शब्द बनला आहे. फार पूर्वी लोखंडाच्या सळ्या पैशासारख्या वापरत आणि अशा सहा सळ्या एका मुठीत मावत, म्हणून सहा ‘ओबोलोस’ म्हणजे एक द्राख्मे. अपोलोडोटस आणि मिनँडर या यवन राजांची ग्रीक अक्षरांची जुनी नाणी आपल्या काळीही भडोचमध्ये चालतात, असे पेरिप्लसकार लिहितो. राजे जाऊन बराच काळ लोटला होता, नाणे मात्र चालत होते. द्राख्मेचा प्राकृतात ‘द्रम्म’ झाला. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत हा द्रम्म भेटतो. द्रम्माचा पुढे ‘दाम’ झाला. ‘दामदुप्पट’ म्हणताना आपण ग्रीक नाण्याची दुप्पट करीत असतो!

वजनाचा ‘तालान्तोन’ आणि आपली ‘तुला’ या एकाच धातूच्या मुली. पेढी या अर्थी ग्रीक लोक ‘त्रापेझा’ म्हणत. त्रापेझा म्हणजे चार पायांचे मेज. सराफ बाजारात मेज टाकून नाणी पारखीत बसे, त्यावरून मेजालाच पेढीचा अर्थ आला आणि आजही ग्रीसमध्ये बँकेला त्रापेझा हाच शब्द आहे. चार आणि पाय हे त्याचे दोन घटक, म्हणजे शब्दाच्या घडणीने पाहता ही आपली ‘चारपाई’. आपला सराफ मेजावर न बसता गादीवर बसला, म्हणून आपण ‘गादी’ म्हणतो. ठेव ठेवून व्याज घेण्याची रीत मात्र आपल्याकडेही जुनीच. नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापणे ठेव म्हणून दिली. त्यांपैकी २००० गोवर्धनच्या एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने आणि १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. व्याजातून भिक्षूंची वस्त्रे वगैरे व्हायची. क्षत्रपांच्या घरचा माणूस विणकरांकडे पैसा ठेवतो, यावरून त्या विणकरांची पत काय असेल!

याच संदर्भात एक शब्दजोडी मला सर्वांत आवडली. विकत घेणे याला ग्रीकमध्ये ‘प्रिआस्थाइ’ असे एक क्रियापद आहे. वरवर पाहता त्यात आपले काहीच दिसत नाही. परंतु मूळ भाषेतील एका ध्वनीचा संस्कृतात ‘क’ झाला आणि ग्रीकमध्ये येथे ‘प’ झाला, म्हणून हा आणि संस्कृत ‘क्री’ धातू एकच. त्या ‘क्री’पासून आपली ‘विक्री’. इराणी भाषांत त्याच मूळ धातूपासून ‘खरीदन’ झाले आणि फारसीतून आपल्याला ‘खरेदी’ मिळाली. तेव्हा दुकानाच्या पाटीवर ‘खरेदी-विक्री’ असे लिहिलेले असते, तेथे एकच धातू दोन वाटांनी येऊन शेजारी शेजारी बसलेला असतो.

येथवर व्यापाराचे झाले. परंतु हाताने काम करणाऱ्यांचे शब्द मला अधिक जवळचे वाटतात. सुताराला ग्रीक शब्द ‘तेक्तोन’, संस्कृत ‘तक्षन्’; दोन्ही एकच. कुंभार तो ‘केरामेउस’, चांभार तो ‘स्कुतोतोमोस’ म्हणजे कातडे कापणारा, तांबट तो ‘खाल्केउस’, आणि पुढे लोहारालाही हाच शब्द लागू झाला. विकणाऱ्याला ‘-पोलेस’ हा प्रत्यय: ‘इख्थिओपोलेस’ मासे विकणारा, ‘बिब्लिओपोलेस’ पुस्तके विकणारा. आपल्या ‘-वाला’सारखाच तो कशालाही चिकटतो.

या साऱ्या कारागिरांना मिळून होमरच्या काव्यात ‘देमिओएर्गोस’ हा शब्द येतो. ‘देमोस’ म्हणजे लोक, ‘एर्गोन’ म्हणजे काम. लोकांचे काम करणारा तो देमिओएर्गोस. ओडिसीच्या सतराव्या सर्गात युमेयस हा डुकरे राखणारा माणूस त्यांची नावे घेतो: भविष्य सांगणारा, वैद्य, सुतार, गायक. हे वाचताना त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’तील बलुतेदार डोळ्यांपुढे येतात. गावाचे काम करणारे ते बलुतेदार, लोकांचे काम करणारे हे देमिओएर्गोस. साम्य एवढ्यावरच संपते. युमेयस म्हणतो की परक्याला घरी कोणी बोलावत नाही, पण अशा गुणी माणसांना मात्र कुठूनही बोलावून आणतात. आपला बलुतेदार बोलावलेला नव्हता. तो त्या घरात जन्मला म्हणून ते काम त्याच्या गळ्यात होते, आणि नको म्हणण्याची सोय नव्हती. एका शब्दात कौशल्याला आमंत्रण आहे, दुसऱ्यात जन्माला बंधन आहे. जुन्या गावरहाटीचे गोडवे गाणाऱ्यांनी हा भेद झाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रीकांनीही पुढे काय केले ते पाहण्यासारखे आहे. भट्टीपाशी काम करणाऱ्याला ‘बानाउसोस’ हा शब्द होता. तो हळूहळू शिवीच्या जवळ गेला. ॲरिस्टॉटल आपल्या राज्यशास्त्राच्या ग्रंथात लिहितो की उत्तम राज्य बानाउसोसाला नागरिक करणार नाही. आणि गंमत अशी की त्याच अथेन्सच्या लोकसभेत परीट, चांभार, सुतार, लोहार, शेतकरी, व्यापारी बसत होते. सॉक्रेटिसनेच त्यांची यादी सांगितल्याचे झेनोफोनने लिहून ठेवले आहे. सॉक्रेटिसचे वडील स्वतः पाथरवट होते आणि आई सुईण. म्हणजे जो समाज सुताराला मत देऊ देत होता, त्यातलेच विद्वान त्याच्या हाताच्या काळ्या डागाला नाक मुरडीत होते. आपल्याकडेही कित्येक कामांची नावे भांडणात वापरायचे शब्द झाली आहेत. ती येथे लिहिण्याची गरज नाही, वाचकांना ती येतात.

महाविद्यालयाच्या अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. तेथे आमच्या वस्तीतील बहुतेक मुलेमुली ‘मजुरी’ असे लिहितात. पत्रा कापणारा, प्रेसवर भांडे दाबणारा, कान बसवणारा, पॉलिश करणारा, मिठागरात मीठ ओढणारा, सारे एका शब्दात. त्यामुळे अथेन्समध्ये सापडलेल्या एका प्रकारच्या शिलालेखांचे मला नवल वाटले. हे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातले. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी शंभर द्राख्मे वजनाची वाटी देवीला अर्पण केल्याची ही नोंद. त्यात नाव, राहण्याचे ठिकाण आणि धंदा कोरलेला आहे. स्त्रियांच्या नावापुढे पुष्कळदा ‘तालासिउर्गोस’, म्हणजे लोकर कातणारी, असे आहे. कालपर्यंत ज्यांना कोणी माणसांत मोजत नव्हते, त्यांचा धंदा दगडावर नीट वेगळा लिहिला गेला.

असे दगड आपल्याकडेही आहेत आणि ते दूर नाहीत. आमच्या मागच्या डोंगरांतील कान्हेरीच्या लेण्यांत सोपाऱ्याचा मणिकार, कल्याणचा लोहार अशा दात्यांचे लेख आहेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या. नाशिकला दात्तामित्री गावच्या इंद्राग्निदत्त या योनकाने लेणे कोरविले. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही खांब धेनुकाकट येथील यवनांनी दिले आहेत, मात्र त्यांची नावे सिहधय अशी एतद्देशीय वळणाची आहेत. याच कार्ल्याला दाराशी दोन लेख आहेत. एक धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाचा, म्हणजे अत्तरवाल्याचा. दुसरा त्याच गावच्या सामी नावाच्या वढकीचा, म्हणजे सुताराचा. तो वेणुवासाचा मुलगा. अत्तरवाल्याच्या लेखात दाराचे ‘दान’ दिले असे आहे. सुताराच्या लेखात त्याने ते ‘केले’ असे आहे.