माऊस हातातून सोडू नकोस

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा तव्यावर पोळी होती, म्हणून धड बोलता आलं नाही. पण तुझा आवाज मनातून गेला नाही. "ताई, ड्रॉइंगच्या इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवली मी, आणि इथे मला एक पिंपळाचं पान काढता येत नाही गं. हात चालतो, माऊस चालत नाही." एवढं बोलून तू गप्प झालीस. पलीकडे तुझे डोळे भरले होते, ते मला इकडे कळलं. म्हणून आज सवडीने लिहायला बसले आहे.

आधी एक सांगते. फाउंडेशनच्या वर्गात संगणकावर पहिल्यांदा इलस्ट्रेटर उघडलं की सगळ्यांना असंच होतं. डाव्या बाजूला चिन्हांची उभी रांग, उजवीकडे खिडक्यांवर खिडक्या, आणि मधे तो पांढराशुभ्र कागद. कार्ट्रिज पेपर समोर आला की तुझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो, इथे नेमकं कशाकडे जायचं तेच समजत नाही. त्यात शेजारची मुलगी आठवीपासून टॅबवर चित्रं काढते आहे. तिचा हात झरझर चालतो आणि आपल्याला वाटतं, आपण गावाहून चुकून इथे आलो. तू चुकून आलेली नाहीस. तिला अवजाराची सवय आहे आणि तुला नाही, फरक एवढाच आहे. सवय दोन-तीन महिन्यांत होते. तुळशीवृंदावनासमोर बसून आजीची रांगोळी बघता बघता तुझी नजर तयार झाली, त्याला मात्र दहा वर्षं लागली आहेत.

त्या चिन्हांना घाबरू नकोस. मी रोज याच कामावर पोट भरते आणि माझ्या हाताला त्यातली दहा-बारा साधनं लागतात. काळा बाण, पांढरा बाण, पेन टूल, चौकोन, गोल, अक्षरांचं टूल, रंग उचलायचा ड्रॉपर, आकार जोडायचं-कापायचं पाथफाइंडर. पहिल्या सत्रात एवढ्यावर तुझ्या सगळ्या असाइनमेंट्स होतील. यांचे शॉर्टकट मात्र पहिल्या आठवड्यातच बोटांत बसव. व्ही म्हणजे काळा बाण, ए म्हणजे पांढरा, पी म्हणजे पेन. उजव्या हातात माऊस, डावा हात कीबोर्डवर. डावा हात मांडीवर ठेवून काम करणाऱ्या मुली तासाभरात थकतात आणि मग त्यांना वाटतं आपल्याला जमत नाही.

आणि फोटोशॉप कुठे, इलस्ट्रेटर कुठे, हा तुझा गोंधळ. काकूचं क्रॉस स्टिचचं तोरण आठव. जवळ गेलं की प्रत्येक फुली वेगळी दिसते, लांबून मोर दिसतो. फोटो तसाच असतो, बारीक चौकोनांचा, आणि फोटोशॉप त्या चौकोनांवर काम करतं. चौकोन मोजके असतात, म्हणून फोटो ताणला की फाटतो. ए-फोर कागदावर पूर्ण पानभर फोटो नीट छापायचा तर 300 डीपीआयला तो 2480 बाय 3508 पिक्सेलचा हवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो सहसा त्याच्या जवळपासही नसतो, म्हणून तो मेलवर किंवा डॉक्युमेंट म्हणून मागवत जा. इलस्ट्रेटरमधली रेघ मात्र चौकोनांची नसते. ती कुठून निघाली, कुठे वळली आणि कुठे पोचली एवढंच यंत्र लक्षात ठेवतं. म्हणून त्यात काढलेलं एकच बोधचिन्ह पोस्टाच्या तिकिटावरही स्वच्छ दिसतं आणि एसटी स्टँडवरच्या होर्डिंगवरही.

आता पेन टूल. तू अडलीस ते इथेच. माझ्याही वर्गात निम्मी मुलं इथेच अडली होती.

तू काल केलंस काय, ते न बघताही मी सांगू शकते. पानाच्या कडेने टिक, टिक, टिक करत पन्नास-साठ बिंदू टाकलेस. वाटलं, जितके बिंदू जास्त तितकं पान हुबेहूब येईल. आणि कड कुरतडल्यासारखी आली. आजी मोराची मान काढते तेव्हा तिची चिमूट बघ. ठिपके न मांडता, एका ओढीत ती मान काढते. चिमूट थबकते फक्त वळणावर. तुझा बिंदू तिथेच पडायला हवा. इलस्ट्रेटरमध्ये गोल काढ आणि पांढऱ्या बाणाने निवडून बघ. अख्ख्या वर्तुळाला फक्त चार बिंदू असतात. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. बाकीची सगळी गोलाई त्या बिंदूंना फुटलेल्या हातांनी ओढलेली आहे. ते हात, म्हणजे हँडल्स, हेच पेन टूलचं खरं काम आहे. क्लिक करून सोडून दिलंस तर कोपरा मिळतो, क्लिक करून न सोडता ओढलंस तर वळण मिळतं. हँडल साधारण वळणाच्या एक तृतीयांश लांबीचं ठेव. फार लांब ओढलं की रेघ फुगते, फार आखूड ठेवलं की ती बिंदूपाशी मोडते. आणि बिंदू आकाराच्या टोकांवर ठेव, म्हणजे जिथे तो सगळ्यात वर, सगळ्यात खाली किंवा सगळ्यात बाजूला जातो तिथे. मग हँडल्स सरळ उभी नाहीतर आडवी ठेवता येतात, आणि वळण आपोआप शांत येतं.

पेन टूलच्या या वक्ररेषेचा जन्म चित्रकलेच्या वर्गात झालेला नाही, हे ऐकून तुला बरं वाटेल. ती मोटारीच्या कारखान्यात जन्मली. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी 1959 मध्ये याचं गणित मांडलं, पण कंपनीने ते बाहेर येऊ दिलं नाही. पुढे रेनो कंपनीतले इंजिनीअर पिएर बेझिए यांनी गाडीच्या पत्र्याचे बाक यंत्राला समजावून देण्यासाठी साठच्या दशकात तीच रेषा वापरली आणि नाव त्यांचं लागलं, बेझिए कर्व्ह. बोनेटची गोलाई कारागिराच्या हाताला कळत होती, यंत्राला कळत नव्हती, आणि म्हणून हे सगळं करावं लागलं. तुझी अडचणही नेमकी तीच आहे. पानाचं वळण तुला येतं, ते यंत्राला कसं सांगायचं तेवढंच शिकायचं आहे.

एक अभ्यास देते. आजीच्या हिशेबाच्या वहीत पहिल्या पानावर तिने टाकाने लिहिलेलं 'श्री' आहे ना, त्याचा उजेडात नीट फोटो मागव. तो खालच्या लेयरवर ठेव, फिकट कर, लॉक कर. वरच्या लेयरवर पेन टूलने ते 'श्री' गिरव. पहिल्या दिवशी वाईट येईल. पुसू नकोस, दुसऱ्या दिवशी शेजारी परत काढ, कमी बिंदूंत. असं आठवडाभर. अक्षर मी मुद्दाम निवडलं. त्यात जाड-बारीक आहे, टोक आहे, पोटाची गोलाई आहे, म्हणजे पेन टूलला जे जे यायला हवं ते सगळं एकाच अक्षरात आहे. आणि त्या वळणांत आजीचा हात आहे. पुस्तकातल्या तयार आकारापेक्षा तू हे जास्त जपून गिरवशील, हे मला माहीत आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं ग्रंथालयात मिळाली तर जरूर बघ. नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणात कसा उतरतो, ते तिथे दिसतं.

अक्षरांवरून आठवलं. मराठी टाइप करताना एक काळजी घे, ही मला कुणी सांगितली नव्हती. पहिल्या वर्षी आमच्या वर्गाच्या प्रदर्शनाचा फलक मी केला. घाईघाईत तपासला नाही, फाइल पाठवली, फ्लेक्स छापून आला आणि दारावर लागला. 'प्रदर्शन' या शब्दातला 'प्र' तुटलेला, रफार पुढच्या अक्षरावर चढायचा सोडून वेगळाच उभा. दिवसभर लोक येत होते आणि मला त्या दाराकडे बघवत नव्हतं. तुझ्यावर ती वेळ येऊ नये. प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली 'शो इंडिक ऑप्शन्स' असं असतं, ते चालू कर आणि पॅराग्राफच्या पॅनेलमधून दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा कंपोझर निवड. मग जोडाक्षरं जुळतात. टंक युनिकोडचा घे. मुक्ता, बालू हे मुंबईच्या एक टाइपने केलेले टंक फुकट मिळतात आणि त्यांची देवनागरी देखणी आहे. विंडोजबरोबर आलेला मंगल हा टंक र. कृ. जोशी यांनी केला, हेही ठाऊक असू दे. आपल्या लिपीला पडद्यावर जागा मिळावी म्हणून हातात बोरू घेतलेल्या माणसांनी खस्ता खाल्ल्या आहेत. छापायला देताना अक्षरं आउटलाइन करून दे, पण त्याआधीची मजकुराची प्रत वेगळी ठेव, नाहीतर एक वेलांटी बदलायला सगळं पुन्हा करावं लागेल. आणि छापण्याआधी कागदावर प्रिंट काढून मोठ्याने वाच.

रंगाबद्दल फार लिहीत नाही, पोस्टर कलर मिसळून मिसळून ते तुला पाठ आहे. एवढंच ध्यानात ठेव की पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि छपाई शाईने. पडद्यावरचा झगझगीत हिरवा किंवा निळा कागदावर मंद होऊन येतो. छापायचं काम असेल तर फाइल सुरुवातीलाच सीएमवायकेमध्ये उघड आणि कडेला 3 मिलिमीटर ब्लीड ठेव.

आता जे फोनवर तू अडखळत सांगितलंस, ते. लॅपटॉपचं.

काका कर्ज काढायला निघाले आहेत म्हणालीस. त्यांना थांबव. मी बोलते त्यांच्याशी, पण तूही सांग. पहिल्या वर्षी कॉलेजची लॅब पुरते. शेवटच्या तासानंतर लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते ते लॅब असिस्टंटला विचार, त्यांच्याशी नीट बोल, ती माणसं शिकणाऱ्या मुलांसाठी थांबतात. होस्टेलवर एखादा जुना संगणक मिळाला तर त्यावर इंकस्केप टाक, ते फुकट आहे आणि त्यातलं पेन टूल याच गणितावर चालतं. रंगवायला क्रिटा आहे, तेही फुकट. कुणी पेन ड्राइव्हवर क्रॅक केलेली कॉपी देतो म्हणेल, ती घेऊ नकोस. माझ्या मैत्रिणीचं सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं काम अशा कॉपीबरोबर आलेल्या व्हायरसने खाल्लं. काम दोन ठिकाणी ठेव आणि दर पाच मिनिटांनी कंट्रोल एस दाब, लॅबमधली वीज सांगून जात नाही.

आणि हे शेवटचं, पण माझ्या मनात सगळ्यात वर असलेलं.

लॅबमध्ये तू अडलीस की कुणीतरी मागून येईल आणि म्हणेल, "दे इकडे, मी करून देतो." मनाने चांगला असेल, मदतच करत असेल. माझ्याही वर्गात असा एक मित्र होता. मी खुर्ची सरकवायचे, तो माऊस घ्यायचा, दोन मिनिटांत काम व्हायचं, आणि मी आभार मानायचे. सत्र संपलं तेव्हा माझ्या सगळ्या फाइल्स सुंदर होत्या. ज्यूरीला सरांनी माझं बोधचिन्ह बघितलं, आवडलंही. मग एवढंच म्हणाले, "ही गोलाई जरा भरीव कर बघू, आत्ता." मी खुर्चीत बसले. हात माऊसवर ठेवला आणि मला काहीच करता आलं नाही. सर रागावले नाहीत. थोडा वेळ थांबले आणि पुढच्या मुलाकडे गेले. ते थांबणं मला अजून आठवतं.

म्हणून सांगते, कुणी मदतीला आलं तर खुर्ची सोडू नकोस. म्हण, "तू सांग, मी करते." वेळ लागेल. त्याला कंटाळा येईल, येऊ दे. चुकलं तर कंट्रोल झेड आहे. कार्ट्रिज पेपरवर खोडरबराने भोक पडतं, इथे पडत नाही, ही एक फार मोठी सोय आहे आणि ती शिकणाऱ्यासाठीच आहे. हात उंचावून मॅडमना प्रश्न विचार, तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारावा लागला तरी विचार. त्यांना मराठीत विचारलंस तरी चालेल. इंग्रजी नावं येत नाहीत म्हणून गप्प बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, त्यांची नजर वर्गात सगळ्यांत चांगली होती.

आणि संगणक उघडण्याआधी वही उघड. छोट्या छोट्या चौकटींत दहा-बारा कच्ची रेखाटनं कर, त्यातलं एक निवड, मगच माऊस धर. संकल्पचित्राच्या तासाला तू आधी ट्रेसिंगवर आखणी करायचीस, तेच आहे हे. रिकाम्या पडद्यासमोर कल्पना शोधत बसलं की माणूस तयार नमुन्यांकडे वळतो, आणि मग वर्गातल्या चौघींची पोस्टरं एकसारखी दिसतात.

आजीला मी सकाळी फोन केला होता. वही तिने कपाटातून काढून ठेवली आहे, शेजारच्या मुलाकडून फोटो काढून पाठवते म्हणाली. रविवारी संध्याकाळपर्यंत तुझं 'श्री' मला पाठव. स्क्रीनशॉट नको, फाइल पाठव. मी ती उघडून पांढऱ्या बाणाने बिंदू मोजणार आहे.